सुसज्ज ग्रंथालय

"जाहिरात वाचताना त्यातली थाप ओळखता आली पाहिजे," असं सातवीच्या वर्गाला सांगून मी प्रत्येकाला घरून एक जाहिरात आणायला लावली. एका पोरीने आमच्याच शाळेचं प्रवेशाचं पत्रक आणलं. "बाई, यात 'सुसज्ज ग्रंथालय' लिहिलंय. त्या खोलीत तर मोडके बाक कोंबलेत!"

मुख्याध्यापिका माझ्यावर कडाडल्या, "धडे सोडून मुलांना प्रश्न विचारायला शिकवता? उद्यापासून येऊ नका."

यंदाचं पत्रक आज पेपरातून आमच्या घरात पडलं. मेलं ग्रंथालय अजून सुसज्जच आहे. वर माझ्याच वर्गाचा फोटो, हात वर केलेली तीच पोरगी, मला तेवढं कापलंय.

खाली ठळक अक्षरांत छापलंय, "आम्ही मुलांना प्रश्न विचारायला शिकवतो!"