डिस्चार्जचा कागद

दादाने कारखान्यातली तांब्याची तार चोरून विकली, ती आईच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी. निदान मला तरी त्याने तसंच सांगितलं होतं. त्याच्या पदरी दोन पोरं, मी सडाफटिंग. म्हणून पोलीस दारात आले तेव्हा चोरी मी माझ्या अंगावर घेतली आणि दोन वर्षं आत काढली.

सुटल्यावर पहिल्यांदा आईला इस्पितळात तपासणीला नेलं. खिडकीवरच्या बाईंनी जुना डिस्चार्जचा कागद मागितला. आईने तो पिशवीतून काढला आणि माझ्या हातात न देता परस्पर त्यांच्यापुढे सरकवला.

"ऑपरेशन झालं त्याच महिन्यात सरकारी विमा सगळ्यांना लागू झाला होता ना," कागद वाचत बाई म्हणाल्या, "त्यातच झालंय हे. दमडीही लागली नाही तुम्हाला. ही बघा, मुलगा म्हणून तुमच्या भावाची सही."

मी आईकडे वळलो. "आई, दादाने आपल्या दोघांनाही फसवलं गं!"

आईने कागदाची घडी घातली. माझ्याकडे बघितलं नाही.

 

"मला घरी सोडलं त्याच दिवशी कळलं होतं. पण एक आत गेलाच होता रे, दुसऱ्याला कशाला घालवू?"