उष्टी

"हिला वाइन म्हणायचं? निव्वळ सरबत आहे!" रिकामा ग्लास टेबलावर ठेवत केतकी म्हणाली. ऑफिसच्या लोकांबरोबर ती नाशिकजवळच्या मळ्यात वाइन चाखायला आली होती. गावाहून आलेली आईही सोबत होती. पहिलीच रेड वाइन, सगळ्यांत स्वस्त. साहेबांनी मान डोलावली, तशी केतकी सुखावली.

आईने मात्र ग्लास ओठांपासून वीतभर उंच धरला आणि तांब्यातलं पाणी प्यावं तशी वाइन वरून तोंडात ओतली. थोडी हनुवटीवरून नव्या पातळावर ओघळली. कुणीतरी खुदकन हसलं.

"आई, तोंड लावून पी ना!" केतकी दबक्या आवाजात खेकसली. "सगळे बघतायत."

"घोटभरच घेतली गं. जांभळासारखी लागते." आईने आपला ग्लास तिच्यापुढे सरकवला. "तू तुझी लगेच संपवलीस. आवडली ना? म्हणून उष्टी नाही केली."

सगळ्यांच्या नजरा केतकीच्या रिकाम्या ग्लासाकडे वळल्या.

"मला नकोय," ती मान वर न करता म्हणाली.

आईने पदराने डाग झाकला. मग चारचौघांसारखा ग्लास तोंडाला लावून उरलेली सगळी पिऊन टाकली.