उत्तरेची खिडकी

"पडदा ओढू का तसाच राहू दे?" धाकटीने विचारलं.

"तुझा फोटो, तुझा पडदा. मला काय विचारतेस?" असं म्हणून थोरली दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. काम काही नव्हतं तिथे, पण पाय निघत नव्हता.

खोली इतकी वर्षं तिची होती. खिडकी उत्तरेची, दिवसभर एकसारखा, न तापणारा उजेड. याच खिडकीशी तिने पेले, फुलं, रिबिनीत बांधलेली पत्रं मांडली होती आणि असे फोटो काढले होते, की बघणाऱ्याला वाटावं, आत्ताच कुणीतरी कुणाचा हात सोडून उठून गेलंय. सासऱ्यांचा स्टुडिओ तिच्याच जिवावर चालत होता. हे तिने कधी बोलून दाखवलं नाही. दुसऱ्याने बोलावं म्हणून वाट मात्र पाहिली.

मग दिराचं लग्न झालं आणि धाकटी जाऊ आली ती स्वतःचा कॅमेरा घेऊनच. तिचे फोटो लख्ख. द्राक्षावरची धूळसुद्धा दिसायची. गिऱ्हाइकं म्हणायला लागली, "त्या नव्या बाईंनाच सांगा ना." थोरलीने नवऱ्याला सांगायला जावं, तर तो म्हणे, "अगं, काम घरातच राहतंय ना!" मेलं ते घर आणि मेलं ते काम!

त्यात कॅलेंडरवाला आला. बारा महिन्यांचे बारा फोटो हवे होते. थोरली नेमकी बाहेर गेलेली, त्यामुळे बोलणं सगळं धाकटीनेच केलं. जेवताना सासरे म्हणाले, "कॅलेंडरवाल्याला पहिला फोटो पसंत पडला, तर उत्तरेची खोली धाकटीला. नाही पडला, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

थोरलीने भातावर पुन्हा एकदा आमटी ओतून घेतली.

"हवंय तरी काय त्याला?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"लख्ख हवंय, ताई. पाकळीवरचा थेंब न् थेंब मोजता आला पाहिजे म्हणाला."

म्हणजे धाकटीच्या हातचा मळच. थोरलीला रात्रभर झोप लागली नाही.

आणि आता ही बया तिच्याच खिडकीशी, तिच्याच टेबलावर दोन कप मांडत होती. शेजारी अर्धवट उमललेले गुलाब. धाकटीने पातळ पडदा ओढला, सावलीच्या बाजूला पांढरा कागद उभा केला. थोरलीला हसू आलं. फोटो लख्ख हवाय आणि उजेड हा असा मऊ! एवढंही कळू नये?

"ताई, तुमच्या फोटोत ते धुकं कसं येतं हो? एकदा तरी सांगा ना."

हे धाकटीने याआधीही विचारलं होतं, अगदी मागे लागून.

"हाताची सवय असते ती," थोरलीने नेहमीचंच उत्तर दिलं.

कसली आलीये सवय! ओठांना लावायचं मलम ती लेन्सपुढच्या काचेवर बोटाने कडेकडेने फिरवायची. मधला भाग कोरा. किती लावायचं, कुठे थांबायचं, हे त्या एका बोटाला ठाऊक. दार लावून घेतल्याशिवाय तिने हे कधी केलं नव्हतं, नवऱ्यालाही कधी दाखवलं नव्हतं.

"पाणी शिंपडायची बाटली खालीच राहिली वाटतं," धाकटी म्हणाली. "आलेच हं."

जिन्यावर तिची पावलं वाजली. खोलीत थोरली आणि तिपाईवरचा कॅमेरा. जुन्या पद्धतीचा, दोन लेन्सचा. वरच्या लेन्समधून बघायचं, फोटो निघायचा खालच्या लेन्सने. खालच्या लेन्सवर काही लागलं, तर बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

मलमाची डबी थोरलीच्या पदराशीच होती. आधी वाटलं, थापून टाकावं चांगलं. मग विचार केला, जास्त झालं तर कुणीतरी मुद्दाम केलंय हे कळेल. थोडंच लावावं. हिला फोकस जमत नाही, एवढंच दिसावं. बोट कडेकडेने फिरलं. धाकटी वर आली, तेव्हा थोरली पुन्हा चौकटीशी उभी होती.

संध्याकाळी काच पुसायला गेली, तर काच आधीच स्वच्छ. सासऱ्यांनी पुसली असणार. त्यांना सगळं जागच्या जागी लागतं.

दुसऱ्या दिवशी कॅलेंडरवाला आला. सासऱ्यांनी डार्करूममधून ओलसर फोटो आणला आणि त्याच्यापुढे ठेवला. थोरली चहा घेऊन आली होती, ती तिथेच थांबली. हा सोहळा चुकवून कसं चालेल?

गुलाबांच्या कडा विरघळून गेल्या होत्या. कपांभोवती उजेड साचला होता. एकही थेंब मोजता येत नव्हता.

कॅलेंडरवाल्याने फोटो उचलून उजेडात धरला. थोरलीने मनातल्या मनात खोली पुन्हा लावायलाही घेतली.

"वा!" तो म्हणाला. "अगदी हेच. पहिल्याच दिवशी मी यांना सांगितलं होतं ना, की धूसर हवंय, हळवं हवंय, बघणारा नव्याने प्रेमात पडला पाहिजे. या म्हणाल्या, बघते, जमवते. कसं हो जमवलंत?"

"घरातल्यांची मदत," धाकटी म्हणाली.

सासऱ्यांनी खिशातून उत्तरेच्या खोलीची किल्ली काढली आणि तिच्या हातात दिली. मग ते गिऱ्हाइकाला सोडायला दारापर्यंत गेले. थोरली चहाचा ट्रे धरून तिथेच उभी होती.

"तू तर मला लख्ख म्हणाली होतीस," तिच्या तोंडून कसंबसं निघालं.

धाकटीने ट्रे हलकेच काढून घेतला आणि टेबलावर ठेवला.

"अजून अकरा फोटो आहेत, ताई," ती प्रेमाने म्हणाली. "माझ्यावरचा राग तेवढा जाऊ देऊ नका."