फेरतपासणी
सगळ्या गल्लीचं पाणी चांगलं निघालं. फक्त बाबांच्या नळाच्या नमुन्यात प्लॅस्टिकमधलं रसायन सापडलं. प्रयोगशाळेतून मी तडक घर गाठलं आणि दारातच विचारलं, "बाबा, काचेच्याच बाटलीत भरा म्हणून बजावलं होतं ना?"

"काचेचीच तर दिली!"

"आणि त्याआधी पाणी कशात घेतलं होतंत?"

बाबांनी गुपचूप कपाटातून माझी शाळेतली प्लॅस्टिकची बाटली काढली. "यात धरलं, मग तुझ्या बाटलीत ओतलं. हिला कडी आहे, पकडता येते. तुझी काचेची फुटली असती हातून." मग हळूच विचारलं, "पाणी फार खराब आहे का गं?"

"पाण्याला काही झालेलं नाही, बाबा." मी त्यांचा थरथरणारा हात हातात घेतला. "हे कधीपासून?"