पट्टी बंद केली तेव्हा

आत्याला स्मशानात नेलं, तेव्हा नऊ वर्षांची नभा दारात शांत उभी होती. मन खचू लागलं की तिच्या दंडावरची पट्टी आपणहून औषध सोडायची, आणि सकाळपासून ती सारखी सोडत होती.

"आई, ही बंद कर," नभा म्हणाली. "आत्या गेली हे मला कळतंय, पण आत काहीच होत नाहीये. मला भीती वाटते."

कस्तुरीचा हात पट्टीच्या बटणापाशी थांबला. गेल्या वर्षी नैराश्याच्या आजारात याच पट्टीने नभाला अंथरुणातून उठवलं होतं. कस्तुरीने डॉक्टर मुजावरांना फोन लावला.

"दुःख कुठलं आणि आजार कुठला, हे पट्टीला ओळखता येत नाही," ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत बंद ठेवा. पण तिला एकटीला सोडू नका. गप्प झाली तर लगेच सुरू करा."

कस्तुरीने पट्टी बंद केली. दुपारी नभा हुंदके देऊन रडली आणि मग भिंतीकडे तोंड करून निजली. हाका मारल्या तरी बोलेना. आजारातही ती अशीच पडून राहायची. कस्तुरीचं बोट बटणावर गेलं.

तेवढ्यात नभाने कूस बदलली. तिचे डोळे सुजले होते.

"आई, भूक लागलीय. आत्या कालवायची तसा भात कालवून देशील?"

आजारात तिने कधी काही मागितलंच नव्हतं.

"देते," कस्तुरी म्हणाली, आणि नणंदेसाठी तिला त्या दिवशी पहिल्यांदा रडू आलं.