लामत्याची थंडी आणि तिरोडीची जीप

जीपनं तिसऱ्यांदा घुर्र केलं, पांढरा धूर ओकला आणि गप्प झाली.

"डिझेलचं इंजिन आहे, बाबूजी," स्टिअरिंगवर बसलेला तेजराम म्हणाला. "थंडीत असंच करते. घाई केली तं बॅटरी उतरंल. दम धरा."

भोजराजजवळ दम नव्हता. त्याला उन्हं वर यायच्या आत लामता सोडायचं होतं. तिरोडीच्या खाणीला मजूर पुरवणारा माणूस, नवी जीप, दाराशी आलेलं ऐश्वर्य. तेजराम चालवायचा, हा बाजूला बसून मिशीवर हात फिरवायचा. आदल्या दिवशी याच पोराला, तेजरामला, मुलगी दाखवायला आला. बोलता बोलता अंधारलं, पुढं जंगलाचा रस्ता, म्हणून मुक्काम पडला.

मुलगी, पुष्पलता, नाव ठेवण्यासारखी नव्हतीच. नाव ठेवण्यासारखी होती तिची आजी. रुख्माबाईनं चहाचा कप हातात देतानाच विचारलं होतं, "मजूर पुरवता म्हणे. मंग घरी जेवायले तुम्ही सोता बसता, का तिथंही मजूरच?" भोजराजचा नकार त्या कपातच पक्का झाला.

नकार तोंडानं सांगायची त्यांच्यात रीत नाही. नकार असला की पाहुणा चहा घेतो, पण मुलीच्या घरी जेवत नाही. जेवला की सोयरीक झाली. रात्री भोजराजनं स्वतःच्या डब्यातल्या पुऱ्या खाल्ल्या, तेव्हाच घर काय ते समजलं. पुष्पलताची ही तिसरी सोयरीक. आधीच्या दोन आजीच्याच जिभेनं मोडल्या होत्या. आता चौथा पाहुणा या घराची पायरी चढणार नव्हता. पहाटे रुख्माबाईच्या मुलानं, शालिकरामनं, तिच्यापुढं हात जोडले.

"माय, पोरीसाठी एवढं कर. गाडी जाईपर्यंत एक शबूद बोलू नको."

म्हणून रुख्माबाई तोंडात सुपारी धरून ओट्यावर बसली होती. डोळे मिटायचं मात्र तिनं कुणाला कबूल केलं नव्हतं.

थंडीही अशी, की बाहेरच्या बादलीतल्या पाण्यावर दुधावर साय धरावी तसा बर्फ धरला होता. तेजरामनं फर्मान काढलं. इंजिनातलं थंड पाणी सोडा, गरम भरा. पुष्पलतानं घागर आणली. ती घागर तिच्या हातून घ्यायला त्याला बराच वेळ लागला. मग दुसरी आली. मग तिसरी. इंजिनाखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवली. बॉनेटवर रजई पडली, तीही पुष्पलताच्या रुखवतासाठी भरून ठेवलेली नवीकोरी. तरी घुर्र, धूर, गप्प.

मग धक्का. शेजारचा महागू आला, त्याचे भाऊ आले, दूध घालायला निघालेला वसंता बरणी ठेवून आला. जीप पिंपळापर्यंत गेली आणि पिंपळापासून परत आली. उन्हं वर आली. अर्धं लामता अंगणात उभं राहिलं. ज्याला चोरपावलांनी निघायचं होतं, त्याच्या निघण्याची जत्रा झाली.

"कोण पाहुणे?"

"पुष्पीले पाहायले आलते. उपाशीच चालले म्हंते."

शालिकरामनं मान खाली घातली. भोजराजनं मफलर नाकावर ओढला. पण नाकानंच दगा दिला. आतून चिन्नोर तांदळाच्या भाताचा वास येत होता आणि रात्रीच्या पुऱ्या कधीच्या जिरल्या होत्या.

"अजून एक घागर लागंल," तेजराम म्हणाला.

रुख्माबाईनं सुपारी थुंकली.

"माय!" शालिकराम ओरडला.

"थांब रे. गाडी जाईपर्यंत म्हटलं होतं, ते तं जाऊन नाही राह्यली." ती ओटा उतरून भोजराजपुढं उभी राहिली. "काहो पाहुणे, तुमची गाडी आमच्या घरचं तीन घागरी पाणी पेली. आमच्या शेगडीवर शेकली. आमच्या पोरीची रजई पांघरून बसली, अन् आता जा म्हटलं तं जात नाही. तिची सोयरीक झाली आमच्यासंगं. मालकच काहून उपाशी राह्यला?"

अंगणात आधी महागू हसला. मग सगळं लामता हसलं. भोजराजनं रागावण्यासाठी मफलर खाली ओढला. तोंड उघडलं, आणि त्यातून हसूच निघालं. एवढ्या माणसांसमोर हसलेल्या माणसाला पुन्हा रागावता येत नाही.

"हौ बाई," तो पाय धुवायला वळला. "हरलो. वाढा."

त्यानं तीनदा भात घेतला. पहिल्या घासाला शालिकरामनं डोळे पुसले. तिसऱ्या वेळी रुख्माबाईनं स्वतः तूप वाढलं आणि जिभेला कुलूप घातल्यासारखी गोड हसली. तेजराम बापाच्या शेजारी दोन घास जेवला, हात धुतला आणि आधीच जीपकडं गेला.

रुख्माबाई रजई काढायला त्याच्या मागोमाग गेली. बघते तर काय, पोरगा आरामात बसला, स्टिअरिंगखालची एक खुंटी ओढून धरली आणि ओठांतल्या ओठांत वीसपर्यंत मोजलं. समोर विस्तवासारखा एक तांबडा ठिपका उजळला, म्हणजे इंजिन आतून तापलं. मग त्यानं चावी फिरवली. जीप पहिल्याच झटक्यात धडधडू लागली.

रुख्माबाईनं रजई छातीशी धरली. खुंटीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"काहो जावईबापू, हे खुंटी सकाळपासून कुठं गेलती?"

"इथंच होती, आजी," तेजराम हळूच म्हणाला. "पण बाबूजी जेवले नव्हते ना."