आतून कडी

दीपेश सरांनी बाइक अंगणात लावली तशी नवशी हातातलं सूप ठेवून उठली, पण बस म्हणाली नाही. सरांच्या मागून त्यांची दहा वर्षांची निलम उतरली आणि काखेत चेंडू घेऊन कोंबड्यांच्या मागे लागली.

त्या चेंडूवर नवशीचा पहिल्या दिवसापासून राग. ना धड गोल, ना धड लांब, सोललेल्या नारळासारखा. आपटला की कुठे उडेल त्याचा नेम नाही. असला चेंडू गावात आणणारा माणूस तरी सरळ कसा असेल?

"प्रगतीची निवड झालीय, ताई. कोलकात्याला रग्बीची स्पर्धा आहे, आठ दिवस," सर म्हणाले. "मी स्वतः हा खेळ भारताकडून ऑस्ट्रेलियात खेळलोय." त्यांनी मोबाइलमधला जुना फोटो दाखवला, मग डाव्या हाताचं वाकडं बोट. "हे तिथंच मोडलं. आता खेळणं सुटलं, पोरी तयार करतो."

"बोट कुठंपण मोडतं," नवशी म्हणाली.

दाराआड नवशीची लेक प्रगती श्वास रोखून उभी होती.

"पोरी झोपतील त्या खोलीला आतून कडी हाय?"

सर हसले. "अहो, असणारच की!"

"तू बघितली?" पाड्यावर अहो-जाहोची पद्धत नाही.

"बघितली नाही, पण... माझ्यावर विश्वास नाही का?"

"अच्छाडच्या हद्दीपलीकडं कंपनीत लावतो म्हणून आला तो पण असाच हसायचा. माझ्या बहिणीची तानी अजून परत आली नाय."

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. नवशी आता पाणीसुद्धा फुंकून प्यायची.

 नवशीने अंगणात बागडणाऱ्या निलमकडे पाहिलं.

"बरं. ने प्रगतीला. ती येईपर्यंत तुझी पोर माझ्याकडं राहील."

सर पुन्हा हसायला गेले, पण हसू आलं नाही. त्यांची नजर कुडाच्या भिंतीवर गेली, मागच्या रानावर गेली, ओट्यावर विडी ओढत बसलेल्या नवशीच्या दिरावर थांबली. त्यांनी निलमला हाक मारून जवळ ओढलं.

"घरात कोण कोण असतं?" त्यांनी विचारलं. मग जरा हळू, "दाराला... आतून कडी आहे?"

नवशी आत गेली. दार लागलं. खट्कन कडी बसल्याचा आवाज आला, मग निघाल्याचा. ती बाहेर आली.

"माझी दाखवली," ती म्हणाली. "तुझी बघून ये, मग पोर ने."